हातांची करामत आणि तोंडाची वाफ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ या चित्रपटाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. टॉम क्रूझने बासष्टाव्या वर्षी विमानाच्या पंखावर लोंबकळून दाखवले, हे एक. आणि चित्रपट फार लांबला, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. पण नेमके काय लांबले आणि का लांबले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हे पत्र. चित्रपट मे २०२५ मध्ये आला (आपल्याकडे १७ तारखेला, अमेरिकेच्या जवळजवळ आठवडाभर आधी), त्यामुळे कथानकातल्या गोष्टी इथे मोकळेपणाने येतील. ज्यांना अजून पाहायचा आहे त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

आधी लांबी. १९९६ चा पहिला भाग ११० मिनिटांचा होता. २०१८ चा सहावा १४७ मिनिटांचा, आणि तो लांबला असे क्वचितच कोणी म्हणाले. हा आठवा १६९ मिनिटांचा आहे. सहाव्यापेक्षा बावीस मिनिटे जास्त. बावीस मिनिटांनी एवढे हैराण व्हायला होत नाही. हैराण होतो ते पहिल्या तास-सव्वा तासात माणसे फक्त बोलतात म्हणून.

या मालिकेचे मूळ १९६६ च्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत आहे. आपोआप नष्ट होणारा ध्वनिमुद्रित आदेश, चार-पाच जणांचे पथक, प्रत्येकाच्या हातात एक कसब आणि घड्याळाशी शर्यत. बंदुकीपेक्षा पकड, सुरी, दोर आणि मुखवटा यांवर चालणारी हेरगिरी. सुतार किंवा घड्याळजी तन्मयतेने काम करत असताना आपण त्याच्या हातांकडे बघत उभे राहतो, तोच आनंद इथे आहे. पहिल्या भागातली सीआयएची तिजोरीची खोली आठवा. आवाज झाला तर गजर, तापमान वाढले तर गजर, जमिनीवर वजन पडले तर गजर. तीन अटी एकदा सांगून झाल्या की मग कोणी तोंड उघडत नाही. नायक छतातून दोरावर उतरतो, चष्म्याच्या काचेवरून घामाचा थेंब ओघळतो आणि तो तळहातावर झेलला जातो. प्रेक्षकाला नियम ठाऊक असल्यामुळे थेंबाची भीती वाटते. मालिकेचे सगळे व्याकरण त्या एका खोलीत आहे.

आठव्या भागात हे व्याकरण जिथे पाळले आहे तो प्रसंग म्हणजे बेरिंग समुद्रात बुडालेली ‘सेवस्तोपोल’ ही रशियन पाणबुडी. ‘एंटिटी’ नावाच्या बेलगाम कृत्रिम बुद्धिमत्तेची मूळ प्रणाली पाणबुडीतल्या एका उपकरणात आहे. ते काढून आणायला नायक इथन हंट (टॉम क्रूझ) एकटा खाली जातो. पुढची वीसेक मिनिटे जवळजवळ निःशब्द आहेत, आणि अलीकडच्या कोणत्याही हेरपटात इतके नीट रचलेले काम मला तरी दिसलेले नाही.

त्यातली खुबी पाण्याच्या वजनात आहे. पाणबुडी समुद्रतळाच्या उतारावर कशीबशी टेकलेली आहे, काही कप्पे भरलेले, काही कोरडे. इथन एकेक झडप उघडत आत जातो तसे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात धावते, वजनाचा मध्य सरकतो आणि अख्खी पाणबुडी कुशीवर वळू लागते. जहाजबांधणीत हे जुने दुखणे आहे. कप्पा पूर्ण भरलेला असेल तर पाणी जागचे हलत नाही, अर्धवट भरलेला असेल तर ते कलत्या बाजूला जमा होते आणि कल आणखी वाढवते. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर घाटाच्या वळणावर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त डुलतो तो याच कारणाने. म्हणजे नायकाने पुढे टाकलेले प्रत्येक पाऊलच त्याचा परतीचा रस्ता बिघडवत असते. मग टॉर्पेडो आपल्या रॅकमधून सुटतात. हे एकेक धूड दीड-दोन टनांचे. ते लोळत येताना जमीन कोणती आणि छत कोणते हे दर अर्ध्या मिनिटाला बदलते, तरी आपला गोंधळ होत नाही. कारण पाण्याची पातळी कायम दिसत राहते. छायाचित्रकार फ्रेझर टॅगर्ट आणि संकलक एडी हॅमिल्टन या दोघांना इथे मनापासून दाद द्यावी लागेल.

हे संगणकावर रंगवलेले नाही, म्हणून ते अंगावर येते. पाण्याच्या टाकीत गोल फिरणारा पोलादी सांगाडा बांधून त्यात पाणबुडीचा अंतर्भाग उभारला होता. नायकाचा चेहरा दिसावा म्हणून मुखवट्याच्या आत दिवे बसवले. पाण्यात उतरायच्या त्या बंद सूटमध्ये स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत श्वासात येत असे, त्यामुळे एका वेळी दहा मिनिटांच्या आसपासच काम करता येई, असे क्रूझने मुलाखतीत सांगितले आहे. पडद्यावर त्याच्या हालचाली जड आणि सावकाश दिसतात, त्याचे कारण हेच असावे.

शास्त्राच्या बाजूने मात्र इथे मोकळीक घेतली आहे. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. दाबाखाली श्वासातला वायू रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि झटकन वर आलात तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. तारकर्लीला स्कूबा शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले जाते ते हेच: वर येताना हळू या आणि श्वास रोखू नका. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तेवढ्या खोलीवर दिवसच्या दिवस काम करणारे पाणबुडे जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत राहतात आणि काम संपल्यावर त्यांना दर ३० मीटरला साधारण एक दिवस या हिशेबाने बाहेर आणले जाते. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथन टॉर्पेडोच्या नळीतून सूट काढून, जवळजवळ उघड्या अंगाने, गोठवणाऱ्या पाण्यातून वर येतो आणि वाचतो हे पाहून हसू येईल. तरीही प्रसंग फसत नाही. धोका काय आहे हे चित्रपटाने आधी सांगितले आहे, बर्फावर दाबाची कोठडी तयार ठेवली आहे, आणि सूट असेलच हे गृहीत धरलेली योजना नळीच्या तोंडाशी मोडते. नळी अरुंद, सूट जाड. एवढ्याशा मापाच्या चुकीवर सगळे अडते.

योजनेच्या कथांचा एक अलिखित नियम आहे. बेत आधी सविस्तर सांगितला असेल तर तो फसला पाहिजे, आणि फत्ते होणार असेल तर तो प्रेक्षकापासून लपवला पाहिजे. सांगितलेला बेत सांगितल्याप्रमाणेच पार पडला, तर प्रेक्षक तीच गोष्ट दोनदा पाहतो. पाणबुडीत पहिला नियम पाळला आहे. बाकी चित्रपटात बऱ्याच ठिकाणी दोन्ही मोडले आहेत.

सर्वांत ठळक उदाहरण शेवटचे. दक्षिण आफ्रिकेतल्या माहितीच्या भूमिगत साठवणघरात एंटिटीला एका स्मृतिकांडीत कोंडायचे आणि ती कांडी १०० मिलिसेकंदांच्या आत उपसून काढायची, असा बेत आहे. हे काम पथकातल्या ग्रेसचे, कारण ती सराईत पाकीटमार. कल्पना छानच आहे. जगाचा निकाल शेवटी दोन बोटांच्या चपळाईवर लागावा, हे या मालिकेला शोभणारे आहे. पण दिवा पेटलेला दिसल्यावर माणसाचा हात हलायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाहून ओढणे शक्यच नाही, अंदाजाने आधीच हात सोडावा लागेल. झेल टिपणारा क्षेत्ररक्षक करतो तसे. ही अडचण पटकथेने उघड मांडली असती, ग्रेसचा सराव दोन वेळा चुकलेला दाखवला असता, तर त्या क्षणी थिएटरात सुई पडलेली ऐकू आली असती. ते न करता आकडा तोंडी सांगितला जातो, पुन्हा सांगितला जातो, आणि मग तसेच घडते. सातव्या भागात अबू धाबीच्या विमानतळावर हीच ग्रेस किल्ली लांबवते तेव्हा कॅमेरा तिच्या बोटांवर होता. इथे तो तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर आहे. ग्रेस झालेली हेली ॲटवेल उत्तम अभिनेत्री आहे, तिचा दोष नाही.

पहिल्या तासात तर सांगण्याची पद्धतच अशी की एक वाक्य चौघांनी मिळून पुरे करायचे. इथन सुरुवात करतो, पथकातला तंत्रज्ञ बेंजी पुढे नेतो, तिसरा आकडा घालतो, चौथा परिणाम सांगतो, आणि मध्ये मध्ये जुन्या भागांतले तुकडे व अजून न घडलेल्या गोष्टींच्या झलकाही पेरलेल्या. संकलनाच्या टेबलावर याला वेग म्हणत असतील, पण वाक्य चौघांत वाटल्याने लहान होत नाही. खाली पार्श्वसंगीत अखंड चालू असल्याने महत्त्वाचे कोणते आणि भरताड कोणते तेही कळत नाही. कीर्तनकारसुद्धा आख्यान लावण्याआधी घोटभर पाणी पितो.

संगीताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. लालो शिफ्रिन यांची मूळ धून पाच मात्रांची आहे. अर्ध्या मात्रांनी मोजले तर दहा, आणि त्यांची विभागणी ३-३-२-२. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण विभाग २-३-२-३. झपताल झुलवतो, शिफ्रिन यांची धून मात्र दोन लांब पावले टाकून दोन आखूड पावलांत धावते, म्हणून ती कायम घाईत असल्यासारखी वाटते. मोर्स लिपीत एम म्हणजे दोन डॅश आणि आय म्हणजे दोन डॉट, तेही या विभागणीत चपखल बसते. शिफ्रिन २६ जून २०२५ ला गेले, हा भाग पडद्यावर येऊन दीड महिनाही झाला नव्हता. नव्या संगीतकारांनी, मॅक्स अरुज आणि आल्फी गॉडफ्री यांनी, पाणबुडीत बराच वेळ संगीत मागे ठेवून पत्र्याचा करकर आवाज पुढे आणला आहे. हे भान पहिल्या तासातही हवे होते.

आता विमाने. बोइंग-स्टिअरमन ही दुपंखी, उघड्या बैठकीची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली प्रशिक्षण विमाने. एक लाल, एक पिवळे. ही निवडच अक्कलहुशारीची आहे. जेट विमानाच्या पाठीवर माणूस टिकणार नाही आणि ते पाहणाऱ्यालाही पटणार नाही. दुपंखीला दोन पंखांच्या मध्ये उभे दांडे आणि तिरक्या तारा असतात, धरायला जागा असते, आणि ते कमी वेगातही हवेत तरंगते. तरी ताशी १९० किलोमीटरचा वारा काही थोडा नव्हे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. साठच्या वेगाने जाणाऱ्या दुचाकीवर छातीला जेवढा वारा लागतो, त्याच्या हा दहापट. या वेगाला तोंड समोर धरले की श्वास घेणे अवघड होते. क्रूझचे गाल मागे चपटे होतात, ओठ फडफडतात, आणि त्या चेहऱ्यात हिरोपणा काडीचा उरत नाही. तो चेहरा हेच त्या प्रसंगाचे यश आहे. बोलणे शक्य नसल्यामुळे हेलिकॉप्टरमधला दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅकक्वारी आणि पंखावरचा क्रूझ हाताच्या खुणांनी काम करत होते.

इथेही भूगोल स्वच्छ आहे. आधी चाकाला लोंबकळायचे, मग पंखावर यायचे, वैमानिकाला हटवून विमान ताब्यात घ्यायचे, त्यातून दुसऱ्या विमानावर जायचे. प्रत्येक टप्प्यावर पुढची पकड कोणती हे आपल्याला आधी दिसते. उलट जळत्या पॅराशूटचा प्रसंग. त्यासाठी इंधनात भिजवलेले पॅराशूट पेटवून क्रूझने १६ वेळा उडी मारली, गिनीजमध्ये नोंद झाली, आणि पडद्यावर ते काही सेकंदांत उरकते. एवढी जीवघेणी मेहनत घेऊन मिळालेले दृश्य घाईत का संपवले, हे कोडेच आहे. त्या वेळी समांतर चार आघाड्या चालू आहेत: बाँब निकामी करणारा पथकातला डेगा, फुप्फुसाला जखम झालेला बेंजी, स्मृतिकांडीशी ग्रेस आणि अमेरिकेच्या अध्यक्षांचा बंकर. चारही ठिकाणी शेवटचा क्षण एकाच वेळी आणायचा हट्ट, म्हणून सगळ्यांनाच अपुरा वेळ.

खलनायक हे या भागाचे खरे अपयश आहे. सातव्या भागात एंटिटी बेंजीच्या आवाजात इथनच्या कानात बोलून त्याला व्हेनिसच्या गल्ल्यांत चुकवते. कानातला मित्राचा आवाज खोटा असू शकतो, याहून भयंकर शस्त्र हेरकथेत नाही. आठव्या भागात त्या शस्त्राचा वापर जवळपास नाही. एंटिटी आता निळ्या प्रकाशाचे वर्तुळ आहे आणि एकेका देशाची अण्वस्त्रे गिळंकृत केल्याची बातमी नकाशावर कळते. मतमोजणीच्या दिवशी आघाडी-पिछाडीचे आकडे पाहिल्यासारखे वाटते. तिचा माणूस गेब्रियल फिदीफिदी हसतो आणि मरतो. सातव्या भागात त्याच्या हातून मेलेल्या मेरीचे आणि इथनचे जुने प्रकरण मोठ्या गंभीरपणे सूचित केले होते, त्याचा इथे पत्ताच नाही. तिसऱ्या भागात फिलिप सेमूर हॉफमनने शांत आवाजात, एका खुर्चीत बसून यापेक्षा जास्त धडकी भरवली होती.

शेवटी जुन्या धाग्यांबद्दल. पहिल्या भागातल्या तिजोरीचा रखवालदार विल्यम डनलो आठवतो का? कॉफीतल्या औषधाने ज्याला ओकाऱ्या झाल्या, तो. त्या प्रकारानंतर बडा अधिकारी किट्रिज त्याला अलास्कात रडारवर पाठवायला फर्मावतो, एका वाक्यात. ते वाक्य विनोद म्हणून विरले होते. आठव्या भागात तो माणूस खरोखरच तिथल्या एका बेटावर सापडतो, बायकोसह सुखात, आणि पाणबुडी कुठे बुडाली ते त्यालाच पाठ असते. रोल्फ सॅक्सनने हे काम इतके निवांत केले आहे की चित्रपटातली सर्वांत जिवंत माणसे तीच दोघे वाटतात. जुना धागा असा उचलावा. याउलट तिसऱ्या भागात सगळे ज्याच्या मागे होते तो ‘रॅबिट्स फूट’. तो काय आहे हे मुद्दाम सांगितले नव्हते, आणि न सांगण्यातच त्याची गंमत होती. आता तोच एंटिटीचा उगम ठरवला आहे. इथनच्या मागावर असलेला अधिकारी ब्रिग्ज हा पहिल्या भागातला फितूर पथकप्रमुख जिम फेल्प्सचा मुलगा निघतो, त्याने तर कथेत काडीचा फरक पडत नाही. हे दोन खुलासे आणि त्यांच्यासाठी लावलेले जुने तुकडे काढले असते, अध्यक्षांच्या बैठकींपैकी एखादी कमी केली असती (अँजेला बॅसेटचा चेहराच निम्मी बैठक सांगून जातो), तर वीसेक मिनिटे सहज वाचली असती आणि इथनचा जुना साथी ल्यूथर याच्या मृत्यूनंतर क्षणभर थांबायला जागा मिळाली असती. क्रूझखेरीज आठही भागांत दिसलेला नट म्हणजे ल्यूथर झालेला व्हिंग रेम्स एकटाच. लंडनच्या भुयारात तो बाँबसोबत मागे राहतो, आणि लगेच पुढची माहिती सुरू होते.

जाता जाता, आपल्या मुंबईला चौथ्या भागात स्थान मिळाले होते. अनिल कपूरच्या प्रासादातली ती मेजवानी मात्र कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये रंगली होती. आठव्याचे हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाज निघाले, मराठी नाही. इतकी बडबड असलेल्या चित्रपटाला ते परवडणारे नव्हते असे समजून घेऊ.

ज्यांना घरी पाहायचा आहे त्यांच्यासाठी एवढेच: आधीचे सातही भाग पाहण्याची गरज नाही. पहिला (१९९६), तिसरा (२००६) आणि सातवा (२०२३) पुरे. सलग १६९ मिनिटे बसणे जड जाईल त्यांनी इथन समुद्रात उतरण्याआधी मध्यंतर घ्यावे, चहा तेव्हाच करून घ्यावा. आणि पाणबुडीत शिरल्यावर छताचा पंखा बंद करावा. पत्र्याच्या करकरीतच पुढच्या धोक्याची चाहूल आहे, आणि ती पंख्याच्या घरघरीत विरून जाते.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली